कोबी मुरवण्यापासून ओव्हनपर्यंत: झ्यूरकोल आणि रोकवोर्स्टच्या प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

आज कोबी घातला. दोन गड्डे मिळून ५ किलो ३०० ग्रॅम. वरची पानं आणि मधला दांडा काढल्यावर ४ किलो ६०० ग्रॅम उरला. मीठ ९२ ग्रॅम, म्हणजे वजनाच्या २ टक्के. काट्यावर मोजून घेतलं. लोणच्यात मी आईसारखं हाताच्या अंदाजानेच मीठ टाकते, पण इथे सगळा खेळ मिठावर आहे. कमी पडलं तर कोबी मऊ पडून नासतो, जास्त झालं तर आंबण्याची क्रिया रेंगाळते आणि शेवटी हाती खारट चोथा येतो.

भांडं ओमाचं. ओमा म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या ८७ वर्षांच्या आजी. नेदरलँड्समधल्या अल्कमारला राहायला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी दारात सूपचं पातेलं आणून ठेवलं होतं, तेव्हापासूनचा हा घरोबा. या भांड्यात त्या दर वर्षी झ्यूरकोल घालायच्या. झ्यूरकोल म्हणजे आंबवलेला कोबी, जर्मन लोकांचा सावरक्राउट. गेले तीन हिवाळे बोटं वळत नाहीत म्हणून बंद आहे. सप्टेंबरात म्हणाल्या, "भांडं रिकामं बघवत नाही मला. तू ने." मी म्हटलं, नेते, पण शिकवायचं तुम्ही.

मग ठरलं. ३० नोव्हेंबरला इमारतीतल्या सगळ्यांचं मिळून जेवण असतं, १४ माणसं. त्या दिवशी ओमाच्या पद्धतीचा बटाटा, झ्यूरकोल आणि रोकवोर्स्टचा ओव्हनमधला पदार्थ करायचा, आणि कोबी दुकानातला नाही, घरी मुरवलेला. रोकवोर्स्ट म्हणजे इथलं धुरावलेलं डुकराच्या मांसाचं सॉसेज.

भांड्याला इथे क्योल्स पॉट म्हणतात, कोलोनचं भांडं. करड्या रंगाचं, मिठाची झिलई दिलेलं, त्यावर निळी फुलं. आपल्या चिनी मातीच्या बरणीची दणकट बहीण म्हणा. हिचं झाकण हवाबंद नाही. कोबीवर धुतलेलं सुती फडकं, त्यावर लाकडी फळी, फळीवर दगड. ओमाने दगडसुद्धा दिला, गुळगुळीत ग्रॅनाइटचा. चुनखडीचा किंवा संगमरवराचा घ्यायचा नाही, आंबट खार तो दगड खातो.

अर्धा कोबी विळीवर चिरला (ही विळी मी वेंगुर्ल्याहून सामानात आणलेली), अर्धा ओमाच्या लाकडी कोबीच्या किसणीवर. किसणी जिंकली. तिचे काप सारखे दोन मिलिमीटरचे पडतात आणि सारखंच पाणी सोडतात. मीठ लावून परातीत २० मिनिटं मळलं. कोबी आधी करकरतो, मग नरम पडतो, मग मुठीत दाबला की पाणी गळायला लागतं. थराथराने भांड्यात दाबून बसवला, मधे १२ जुनिपरची फळं आणि दोन तमालपत्रं. जुनिपर म्हणजे ज्यावरून जिन या दारूला नाव मिळालं ती काळपट निळी फळं. चव किंचित राळेसारखी. पाणी कोबीच्या दोन बोटं वर आलं. बाहेरचं पाणी एक थेंबही घातलं नाही.

८ ऑक्टोबर

बुडबुडे! फळी हलली की कडेने फेस येतो. वास अजून कच्च्या कोबीचा, थोडा उग्र. मुलगा नाक धरून स्वयंपाकघरातून गेला.

या पहिल्या दिवसांत ल्युकोनोस्टॉक नावाचे जीवाणू काम करतात. ते कोबीतली साखर खाऊन आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्या वायूने भांड्यातली हवा बाहेर ढकलली जाते. आम्ल वाढलं की तेच मागे हटतात आणि जास्त आंबट सोसणारे लॅक्टोबॅसिलस पुढचं काम हातात घेतात. इडलीचं पीठ फुगवण्यातही याच ल्युकोनोस्टॉकचा हात असतो, हे कळल्यापासून मला हे भांडं परकं वाटत नाही.

१४ ऑक्टोबर

घरात तापमान २३ अंश. जास्त आहे. १८ ते २० च्या दरम्यान चव सावकाश आणि गोल बनते, गरम जागी नुसती आंबट होते. भांडं तळमजल्याच्या कोठडीत हलवलं, तिथे १८ आहे.

वर पांढरी पातळ साय आली होती. बुरशी नव्हे, लवदार नव्हती, रंगीत नव्हती, कुबट वास नव्हता. चमच्याने काढली, फडकं उकळून पुन्हा घातलं, फळी आणि दगड धुतले. ओमा म्हणाल्या, आठवड्यातून एकदा हे करायचंच, आणि कोबी खाराच्या वर डोकावू द्यायचा नाही. आमच्या घरी कैरीच्या लोणच्यावर तेल वर राहिलंच पाहिजे म्हणून आजी जशी बरणीत डोकावायची, तसंच.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आज ओमाला घेऊन ब्रुक ऑप लांगेडाइकला गेलो. अल्कमारपासून गाडीने पाव तासाचा रस्ता. त्यांचं माहेर तिथलंच, वडील कोबीचे शेतकरी.

लांगेडाइकचा हा भाग पूर्वी हजार बेटांचं राज्य म्हणून ओळखला जायचा. पाण्याच्या चरांनी वेढलेले जमिनीचे छोटे तुकडे, प्रत्येकावर भाजी, आणि ये-जा सगळी होडीने. शेतात जायला होडी, माल आणायला होडी, बाजारालाही होडी. १८८७ मध्ये इथे भाजीचा लिलाव सुरू झाला, आणि पुढे अशी इमारत बांधली की शेतकऱ्याने भरलेली होडी घेऊन थेट लिलावाच्या दालनात शिरावं. व्यापारी बाकांवर बसलेले, समोर पाणी, पाण्यावर कोबीने भरलेली होडी. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाचा काटा वरच्या भावापासून खाली उतरत जातो आणि जो आधी बटण दाबेल त्याचा माल. आपल्याकडे बोली वर चढते, इथे भाव खाली येतो. १९७३ पर्यंत खरा लिलाव चालला. नंतर जमिनींचं एकत्रीकरण झालं, बरेचसे चर बुजले, बेटं जोडली गेली. आता तिथे संग्रहालय आहे आणि येणाऱ्यांना बटण दाबून भाजी घेता येते.

ओमा बाकावर बसल्या. काटा उतरत असताना त्यांनी बराच वेळ बटणाला हात लावला नाही. मग दाबलं आणि एक फ्लॉवर घेतला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "बाबा होडी आत घेऊन गेले की आम्ही पोरं पुलावरून घड्याळ बघायचो. काटा फार खाली गेला की घरी कोणी बोलायचं नाही."

हिवाळी कोबीचे गड्डे जाड भिंतींच्या कोठारांत महिनोन्महिने रचून ठेवायचे, आणि थंडीत रोज कोणी तरी बसून वरचं खराब पान काढून टाकायचं. ओमाच्या बोटांना ते काम लहानपणापासून ठाऊक. मी त्यांच्या वळलेल्या बोटांकडे बघितलं आणि ५ तारखेला परातीत मी जे केलं ते त्यांनी किती वेळा केलं असेल, याचा हिशेब मनात सुरू झाला. तो पुरा होईना.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

चार आठवडे झाले. सकाळी खाली जाऊन चव घेतली, संध्याकाळी पणत्या लावल्या.

आंबटपणा स्वच्छ आहे. आम्लता मोजायच्या पट्टीवर ३.५ च्या आसपास रंग आला. काप अजून दाताखाली कुरकुरतो. जुनिपरचा वास मागून येतो, पुढे येत नाही. दुकानातल्या पाकिटातल्या झ्यूरकोलची चव एकदम व्हिनेगरसारखी घशाला लागते, हिची जिभेवर पसरते. ओमाला वाटीत नेऊन दिला. त्यांनी चिमटीत उचलला, खाल्ला, आणि वाटी माझ्याकडे परत न देता संपवली.

मुलाला आग्रह केला नाही. कॅप्टन कूकने १७६८ च्या सफरीत हाच कोबी स्कर्व्हीवर उपाय म्हणून जहाजावर नेला. खलाशी तोंड लावेनात, तेव्हा त्याने तो रोज अधिकाऱ्यांच्या टेबलावर वाढायला सांगितला आणि खलाशांना मुभा ठेवली. आठवड्याभरात त्यांची मागणी इतकी वाढली की वाटा ठरवून द्यावा लागला. मीही आमच्या दोघांच्याच ताटात वाढते आहे.

१० नोव्हेंबर, रविवार. पहिला प्रयत्न

फसला. नेमका कसा, ते लिहून ठेवते.

कच्च्या बटाट्याच्या पातळ चकत्या, त्यावर झ्यूरकोल, त्यावर रोकवोर्स्टचे काप, पुन्हा चकत्या, वरून दूध आणि चीज. १८० अंशांवर ५० मिनिटं. बटाटा कच्चा. अजून २५ मिनिटं. वरचं चीज करपलं, सॉसेज आखडलं, बटाटा तरीही टचटचीत. दूध फाटून त्याच्या गुठळ्या झाल्या.

आम्ही कोबी आणि सॉसेज वेचून खाल्लं.

११ नोव्हेंबर

आईला फोन केला. पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गो, आंबट आदी घातलंस तर बटाटो शिजतलो कसो? आमटीत आमसुलां तू डाळ शिजायच्या आदी घालतंस?"

नाही घालत. दहा वर्षांची असल्यापासून मला माहीत आहे की डाळ शिजल्यावर आमसूल, बटाटा शिजल्यावर चिंच. आंबटात भाजीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सुटत नाही, म्हणून ती कितीही वेळ ठेवली तरी कडक राहते. भांडं परक्या देशाचं असलं तरी नियम तोच. मी कृतीच्या परकेपणाकडे इतकी बघत राहिले की हातातलं ज्ञान वापरलंच नाही.

आईला हा प्रकल्प मनापासून आवडला आहे. वेंगुर्ल्यात डच वखारीचे पडके अवशेष आहेत. सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीने बांधलेली वखार, आता भिंतींवर झाडांची मुळं चढलेली. शाळेत असताना आम्ही तिथून जायचो. आई म्हणते, "ते हय इले तेव्हा कोबी घेऊन इले असतीत काय?" काय आणलं असेल ते मला सांगता येत नाही. पण त्या पडक्या भिंतींमागची माणसं घरी काय जेवत असतील, याचा विचार मी कधी केला नव्हता, आता करते.

१६ नोव्हेंबर, शनिवार. दुसरा प्रयत्न

आज बटाटा आधी उकडून कुस्करला. आंबट नंतर.

बटाट्याची जात महत्त्वाची आहे. इथल्या पिशव्यांवर लिहिलेलंच असतं: घट्ट शिजणारा की पिठूळ. कुस्करायला पिठूळ हवा. मी बिंत्ये घेतला. फ्रीसलंड प्रांतातल्या सुमार नावाच्या गावातल्या क्लास द फ्रीस या मास्तरांनी ही जात तयार केली आणि बिंत्ये यान्स्मा या आपल्या विद्यार्थिनीचं नाव तिला दिलं. १९१० मध्ये ती बाजारात आली. शंभर वर्षांहून जास्त काळ एका शाळकरी मुलीचं नाव घराघरांत सोललं, उकडलं जातंय, ही गोष्ट मला फार आवडते.

रोकवोर्स्ट खाटकाकडून आणलं. घोड्याच्या नालासारखं वळलेलं, दोन्ही टोकं दोऱ्याने बांधलेली, ३५० ग्रॅमचं. नेहमी डुकराचंच असतं असं नाही, गोमांसाचंही मिळतं, म्हणून विचारून घेतलं. गोव्याच्या चोरिसासारखं ते तिखट-आंबट नसतं. यात धूर, मीठ, मिरी, जायफळासारखे सौम्य मसाले. आंबट कोबीला ते सोबत करतं, झाकून टाकत नाही.

ते उकळत्या पाण्यात टाकायचं नाही. ओमाने हे तीनदा सांगितलं. पाणी गरम करून आच अगदी मंद ठेवायची, बुडबुडा वर येता कामा नये, आणि १५ ते २० मिनिटं तसंच पडू द्यायचं. उकळलं तर आवरण फुटतं, आतली चरबी आणि चव पाण्यात जाते.

चव आज जमली. पोत जमला नाही. झ्यूरकोल खारासकट घातला, त्यामुळे तळाला पाणी साठलं आणि बटाट्याची पेज झाली.

खारासाठी शेजाऱ्यांनी दोन सल्ले दिले. एक: कोबी नळाखाली धुऊन घे, आंबटपणा उतरतो. दुसरा: अननसाचे तुकडे आणि करी पावडर घाल. दुसरा सल्ला इथे चांगलाच रुळलेला आहे. वसाहतींच्या काळापासून डच स्वयंपाकघरात मसाल्यांची सवय शिरली, आणि झ्यूरकोलच्या ओव्हनमधल्या पदार्थात करी पावडर, अननस, मनुका सर्रास पडतात. मी एका छोट्या वाडग्यात करून पाहिलं. मुलाला आवडलं. मला वाटलं, अननसाच्या गोडाने कोबीचा सहा आठवड्यांचा आंबटपणा झाकला गेला. धुण्याचा सल्ला तर मला मुळीच मान्य नाही. जे मुरायला ४२ दिवस लागले ते नळाखाली सोडून द्यायचं कसं? कोबी पिळायचा, धुवायचा नाही, आणि पिळलेला खार वाटीत जपून ठेवायचा. शेवटी चव बघून चमच्याने परत घालता येतो. धुतलेलं परत आणता येत नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार. तिसरा प्रयत्न, ओमाच्या समोर

ओमा खुर्ची घेऊन शेगडीजवळ बसल्या. मी करत गेले, त्या बोलत गेल्या. पाच माणसांसाठी हे प्रमाण:

पिठूळ बटाटे १ किलो. पिळलेला झ्यूरकोल ५०० ग्रॅम. ३५० ग्रॅमचं एक रोकवोर्स्ट. स्पेक, म्हणजे खारवलेल्या चरबीदार मांसाचे बारीक तुकडे, १५० ग्रॅम. दोन कांदे. एक आंबट सफरचंद; मी बोस्कोप घेतलं, खरबरीत सालीचं, शिजल्यावर विरघळणारं. लोणी ५० ग्रॅम, गरम दूध दीड डेसिलिटर, एक मोठा चमचा मोहरीची पेस्ट, जायफळ, १०० ग्रॅम जुनं चीज.

स्पेक कोरड्या तव्यात टाकून त्याची चरबी सुटू दिली. त्याच चरबीत कांदा परतला, पण लाल नाही, नुसता काचेसारखा. मग कोबी आणि सफरचंदाच्या फोडी घालून झाकण ठेवून मंद आचेवर अर्धा तास. मी दहा मिनिटांत झाकण काढायला गेले, तर ओमाने हात धरला. कच्चा कोबी नुसता खायला छान, पण या पदार्थात त्याचा कुरकुरीतपणा बटाट्याशी भांडतो. तो इतका नरम व्हायला हवा की चमच्याच्या कडेने तुटेल. शेवटची पाच मिनिटं झाकण काढून उरलेलं पाणी आटवलं. दुसऱ्या प्रयत्नात नेमकी हीच पायरी राहिली होती.

बटाटे मिठाच्या पाण्यात शिजवले, पण मीठ नेहमीच्या निम्म्याने. कोबी, स्पेक आणि सॉसेज तिघेही खारट. पाणी काढून टाकल्यावर पातेलं पुन्हा मिनिटभर आचेवर हलवून वाफ उडवली. मग कुस्करले. लोणी, गरम दूध, मोहरी, जायफळ. गार दूध घातलं तर बटाटा चिकट होतो.

ओव्हनच्या भांड्यात खाली अर्धा बटाटा, वर सगळा कोबी, त्यावर रोकवोर्स्टचे बोटभर जाड काप, वर उरलेला बटाटा. काट्याने वर चर ओढले. चीज, आणि त्यावर कुस्करलेलं बेस्खाउट, म्हणजे इथला गोल खुसखुशीत टोस्ट. २०० अंशांवर २५ मिनिटं.

बाहेर काढल्यावर कडेने खदखदत होतं, वर सोनेरी पापुद्रा. दहा मिनिटं तसंच ठेवलं, मग कापलं. वडीसारखा तुकडा उभा राहिला, तळाला पाणी नाही. ओमाने पहिला घास घेतला आणि वाटीतला खार मागितला. माझ्या पदार्थात एक चमचा अजून हवा होता. त्यांनी तो स्वतःच्या ताटातल्या तुकड्यावर घातला, मला चाखायला दिला. खरंच हवा होता.

मुलाने दोनदा घेतलं. कोबीसकट.

३० नोव्हेंबर, शनिवार

१४ माणसं. बटाटे साडेतीन किलो, झ्यूरकोल १ किलो ८०० ग्रॅम, रोकवोर्स्ट चार, बाकी सगळं त्या मानाने. दोन मोठी भांडी, आणि वरच्या मजल्यावरचं जोडपं मांस खात नाही म्हणून एक लहान भांडं, त्यात स्पेक आणि सॉसेजऐवजी लोण्यात खरपूस परतलेले मशरूम. ते लहान भांडं सगळ्यात आधी संपलं, कारण मांस खाणाऱ्यांनीही त्यात चमचे घातले. पुढच्या वेळी ते मोठं करायचं.

सगळं सकाळी रचून ठेवलं आणि संध्याकाळी ओव्हनमध्ये घातलं. थंड भांड्याला २०० अंशांवर ४५ मिनिटं लागली, २५ पुरली नाहीत. आधीची वीस मिनिटं फॉइल झाकून ठेवलं, नाहीतर वरचा थर जळला असता.

बाजूला मोहरी, काकडीचं आंबट लोणचं, आणि मी केलेला लसणीचा ठेचा. ठेच्याबद्दल मला धाकधूक होती. ओमाने चाकूच्या टोकावर घेतला, डोळ्यात पाणी आलं, पुन्हा घेतला.

जेवताना एका शेजाऱ्याने विचारलं, कोबी कुठल्या दुकानातला. ओमा म्हणाल्या, "दुकानातला नाही. माझ्या भांड्यातला, हिच्या हातचा."

१ डिसेंबर

भांड्यात साधारण ६०० ग्रॅम उरला होता. दोन बरण्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवला, एक ओमाकडे. भांडं गरम पाण्याने धुतलं, साबण लावला नाही. फळी उन्हात ठेवायची, पण इथे डिसेंबरात ऊन कुठलं? रेडिएटरजवळ उभी केली आहे.

लांगेडाइकच्या शेतकऱ्याकडे हिवाळी कोबीचे तीन गड्डे सांगून ठेवलेत, शनिवारी मिळतील. हे गड्डे जास्त घट्ट आणि कोरडे असतात, पाणी कमी सोडतात, तेव्हा मळायला जास्त वेळ धरायचा. मीठ या खेपेला २.२ टक्के करून बघणार. ओमा म्हणतात, तमालपत्र एकच पुरे.

आईने निरोप दिला आहे: त्यातच थोडी मिरची घालून एक वाटी वेगळी मुरव, आणि मे महिन्यात येताना घेऊन ये.